कौलं चाळायला माणूस मिळत नाही म्हणे! मिळेल कसा?

पाखाडीकर

दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रूपवर फिरतेय. लिहिणारे गृहस्थ मुंबईचे, गाव आमच्याच बाजूचं. म्हणणं थोडक्यात असं: गावच्या घराची कौलं चाळून, म्हणजे पावसाआधी फुटकी-सरकलेली नीट करून घ्यायची आहेत, मे संपत आला, माणूस मिळत नाही. एक फोन उचलत नाही, दुसरा 'बघतो' म्हणतो, तिसरा ॲडव्हान्स घेऊन गायब. आणि निष्कर्ष काय, तर फुकट रेशन आणि बायकोच्या खात्यात पंधराशे, मग छपरावर कोण मरायला चढतोय, कोकणी माणूस आळशी झाला. खाली अंगठ्यांची ही रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण चार ओळींत आवरणारं नाही.

आधी रेशन. माणशी महिन्याला पाच किलो धान्य. त्यावर कोण घरी पाय पसरून बसलाय, मला दाखवा, मी त्याच्याकडे शिकवणी लावतो. तुम्ही ज्याला आळशी म्हणता तो आत्ता या घडीला कोणाच्या तरी बागेत आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमावर चढलेला आहे. आंबा मेमध्ये, काजूचा शेवट मेमध्ये, पावसाची लाकडं भरायची मेमध्ये, लग्नं मेमध्ये आणि चाकरमान्यांची सुट्टीही मेमध्येच. त्याच महिन्यात अख्ख्या तालुक्याला आपापलं छप्पर आठवतं. बागायतदार त्याला मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत सलग हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, देतो. तुम्ही देणार दोन दिवस, तेही 'चहा आमच्याकडे घ्या हं' असं उपकार केल्यासारखं सांगून.

दुसरं म्हणजे, हे काम कोणीही करण्यातलं नाही. मंगलोरी कौल चौरस मीटरला पंधराएक लागतं. हजार फुटांच्या छपरावर चौदाशे कौलं, एकेक दोन-अडीच किलोचं. म्हणजे तीन टनांच्या आसपासचा माल, आणि माणूस त्याच्यावरून चालणार, एकही न फोडता. पाऊल कौलाच्या मध्यावर पडलं की कौल गेलं. ते पडायला हवं वरच्या कौलाचा काठ खालच्यावर चढतो तिथे, कारण त्याच्याखाली रीप, म्हणजे कौलं टेकायची आडवी लाकडी पट्टी, असते.

आणि गळती शोधणं तर निराळंच प्रकरण. पाणी टपकतं माजघरात, पण शिरलेलं असतं चार हात वर. वाशावरून ओघळत येतं आणि कुठेतरी खिळ्यापाशी अडून खाली पडतं. आमच्याकडे जे काका येतात ते आल्याआल्या छपरावर चढतच नाहीत. भर दुपारी माळ्यावर जातात, झरोके बंद करायला लावतात आणि अंधारात वर बघत उकिडवे बसतात. जिथून सुईएवढं ऊन आत येतं तिथे वाशावर खडूची खूण. मग वर. खालून पोरगा खुणेपाशी काठीनं ठोकतो, वर हे नेमकं तेवढंच कौल उचलतात. दर वेळी ते फुटलेलंच असतं असं नाही. कधी नुसतं सरकलेलं असतं, कधी खाचेत पाचोळा बसून पाणी उलटं फिरलेलं असतं. बाकीचे काय करतात? सगळं छप्पर उसकटून परत लावतात, आणि जिथे गळत नव्हतं तिथेही गळायला लागतं.

काका आता सत्तरीकडे आलेत. एक मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत, एक गोव्याला हॉटेलात. पगार फार आहे अशातला भाग नाही, पण बारा महिने आहे. कौलांच्या कामाला वर्षातले सहा आठवडे गिऱ्हाईक, उरलेल्या वर्षात त्या माणसाला कोणी ओळख देत नाही. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. नुसत्या कौलांवर नव्वद दिवस भरायचे कुठून? कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. सुतार आहे, गवंडी आहे, कुंभारही आहे. छप्पर शाकारणारा नाही. म्हणजे सरकारदरबारीही हा माणूस नाहीच.

माणूस मिळत नाही म्हणून बोंब मारणाऱ्यांनो, गेल्या दिवाळीत त्याला फोन केला होतात का?

सहा_वीसची_लोकल

लेख छान. 'ॲडव्हान्स घेऊन गायब' यावर एवढ्या लांबलचक लेखात एक ओळ नाही, हे सोयीस्कर विसरणं समजू का?

माझं ऐका. गेल्या वर्षी शिमग्याला गेलो तेव्हाच एकाला सांगून आलो. शिमग्याला, मेमध्ये नव्हे. पाच हजार हातावर ठेवले. एप्रिलात फोन केला, 'येत्या सोमवारी'. तो सोमवार काही उजाडेना. शेवटी रजा टाकून गेलो तर साहेब शेजारच्या वाडीत दुसऱ्याच्या छपरावर. खालून हाक मारली तर वरून म्हणतात, 'अरे, कधी आलात?' मग आमच्याकडे आले. साडेदहाला चढले, एकला जेवायला उतरले ते तीनला परत, आणि साडेपाचला 'उजेड गेला'. मे महिन्यात साडेपाचला उजेड जातो हे मला पन्नाशीत कळलं. पहिल्याच सरीला देवघरात पाणी.

आणि कौलं कमी पडली म्हणून नवी आणायला पाठवलं ती जुन्यात बसेचनात. जुन्याचा कारखाना कधीच बंद झाला, नव्याची खाच वेगळी. हे आधी बघून सांगायचं काम कोणाचं? माझं?

दिवाळीचं वाक्य टाळ्या घेणारं आहे. दिवाळीत छप्पर उघडं टाकायचं आणि अवकाळी आला की तुमच्याकडे झोपायला यायचं, असं ठरवू या का?

पाखाडीकर

ॲडव्हान्सचं घ्या. तो दहा जणांकडून घेतो, खरंय. कारण दहांतले चार जण ऐनवेळी 'यंदा राहू दे, भावाशी बोलणं झालं नाही' म्हणून अंग काढून घेणार हे त्याला अनुभवानं ठाऊक आहे. पाच हजार घेऊन तो पळाला नव्हता, शेजारच्या वाडीत होता. तुम्हीच लिहिलंय.

उशिरा आला हे चूक. त्याची बाजू घ्यायला मी त्याचा वकील नाही.

आकडेमोड

टंचाई वगैरे काही नसतं हो. हजेरी कमी देता, म्हणून माणूस येत नाही. मुंबईत एसी दुरुस्तीवाल्याला नुसता येऊन बघायचे पैसे देता, तो मोटरसायकलवरून येतो आणि फ्लॅटच्या सावलीत उभा राहून काम करतो. इकडे माणूस मेच्या उन्हात तापलेल्या कौलावर बसतो आणि त्याला गवंड्यापेक्षा शंभर रुपये कमी. का, तर 'नुसती कौलं तर परतायची आहेत'. दर दुप्पट करा, दोन वर्षांत माणसं तयार होतील.

सहा_वीसची_लोकल

दुप्पट दिला तरी काम तसंच होणार याची हमी कोण घेतं? एसीवाल्याकडे बिल असतं, महिन्याभराची गॅरंटी असते. इथे परत बोलावलं तर परत हजेरी.

माहेरवाशीण

मी सहसा लिहीत नाही. पण 'साडेपाचला उजेड गेला' यावर हसणाऱ्या तोंडांची गर्दी बघून राहवेना.

माझे वडील हेच काम करायचे. आमच्या पंचक्रोशीत त्यांच्या हाताला नाव होतं. एका घरी आढ्याजवळची रीप वाळवीनं खाल्लेली होती. वरून ते दिसत नाही, कौल काढल्याशिवाय कळत नाही. रिपेसकट ते खाली माजघरात आले. कंबर गेली. दुपारची वेळ होती. मालकांनी हजेरी पूर्ण दिवसाची दिली आणि अर्ध्या दिवसाचीच होत होती तरी पूर्ण दिली, हे आम्हाला पुढे ऐकवलंही. हॉस्पिटलला न्यायला गाडी करून दिली होती, तिचं भाडं मात्र नंतर मागायला आले. आईनं काजू विकून दिलं.

वडील त्यानंतर कधी वर चढले नाहीत. भाऊ आयटीआयला वायरमन झाला. शिडी तोही चढतो, पण त्याच्या कमरेला पट्टा असतो. वडिलांना कोणी दोरीसुद्धा दिली नाही, आणि दोरी मागितली असती तर 'एवढा घाबरतोस तर चढतोस कशाला' असंच म्हणाले असते. साडेपाचला ते उतरायचे कारण तिरप्या उन्हात खालची रीप नीट दिसत नाही. असो.

सहा_वीसची_लोकल

वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण ताई, प्रत्येक घरमालक असा नसतो.

माहेरवाशीण

आणि प्रत्येक मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन पळणारा नसतो. लिहिताना तुम्ही थांबलात का?

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीतही हीच रड आहे. रूफर मिळत नाही, मिळाला तर तारीख पुढच्या महिन्याची. अमेरिकेत जिवावरच्या धंद्यांची यादी निघते त्यात लाकूडतोडे आणि मासेमार यांच्या जोडीला छप्परवाले दर वर्षी वरच्या नंबरात असतात. त्यामुळे कामगाराचा विमा काढणं कंत्राटदाराला भयंकर महाग पडतं, ते सगळं आपल्या बिलात येतं. तरुण गोरी मुलं या कामाला येत नाहीत, छपरावर बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमालाकडची माणसं. पण निदान कंत्राट लेखी असतं आणि कामाची वॉरंटी असते. आपल्याकडे सिस्टिमच नाही.

निवृत्त_नाना

आलं. कोकणातलं छप्पर गळलं तरी त्याला न्यू जर्सीचं ठिगळ.

देवगडचो_हापूस

बाबानू, माणूस गावलो तरी कवलां टिकतत खंय? एप्रिलात चाळून घेतलंय. आठ दिवसांत माकडांची टोळी इली फणसार. ह्या पाख्यावरसून त्या पाख्यार उडये. चाळीसभर कवलां फोडल्यानी. त्याच माणसाक परत बोलावलंय तर माका म्हणता, 'मालक, माका काम माकडांच देतत, ॲडव्हान्स त्यांकाच देवा.'

निवृत्त_नाना

हापूसराव, हा खरा मुद्दा. बाकी सगळी चर्चा वायफळ. माणूस नोव्हेंबरात आणा, फेब्रुवारीत आणा, माकडं आहेत तोवर कौल टिकत नाही. आमच्या लहानपणी गावात दोन-तीन ठासणीच्या बंदुका असायच्या, शेतीरक्षणाचा परवाना. नुसता बार काढला की टोळी महिनाभर फिरकायची नाही. आता परवान्यांचं नूतनीकरण करताना निम्मा जन्म जातो, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

वनराई

माकडांच्या नावानं खडे फोडणं सोपं आहे. डोंगरच्या डोंगर कलमांसाठी आणि काजूसाठी साफ केले, रानातली उंबरं, करवंदं, जांभळं गेली. त्यांनी खायचं काय? त्यात घाटात गाड्या थांबवून वेफर्स आणि केळी चारणारे पर्यटक. माणसाच्या जवळ जायची भीती आपणच घालवली आणि आता त्यांना बंदुका दाखवायच्या.

देवगडचो_हापूस

वनराईबाय, माझ्या घरात वेफर्स नाय, तरी येतत. तुमी हय येवन चार दिवस ऱ्हावा. सकाळी सातांक छपरार धबाधब सुरू झाला काय मगे उंबराची गजाल करूया.

वनराई

मी बाई आहे हे तुम्ही गृहीत कसं धरलंत? आणि मी गावातच राहतो. माझंही घर कौलारूच आहे.

देवगडचो_हापूस

मगे माकडा तुमच्याकडे जाणत नसतली, पुण्यवान मनीस.

सुतारपक्षी

कृपा करून माकड आणि वानर एक करू नका. काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर उडी मारतं, त्याच्या वजनानं कौल फुटतं. लाल तोंडाचं माकड त्याहून चेंगट, ते हातानं कौल उचलून खाली किडे शोधतं आणि तसंच टाकून जातं. दुरुस्तीही वेगळी. फुटलेलं खालूनही दिसतं, सरकलेलं पाऊस आल्यावरच कळतं.

निवृत्त_नाना

घर गळायला लागल्यावर मी त्याच्या तोंडाचा रंग बघत बसू?

सहा_वीसची_लोकल

आमच्या शेजारच्या गावानं दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून माकडं पकडणारे आणले. पिंजऱ्यात घातली, टेम्पोत चढवली, फोटो काढले. लांब जंगलात सोडणार होते. कुठे सोडली म्हणता? आमच्या गावच्या वरच्या सड्यावर. टेम्पोवाला आमच्याच गावचा, तोच म्हणाला डिझेल तेवढंच दिलं होतं.

निवृत्त_नाना

😂 आणि तुम्ही काय केलंत?

सहा_वीसची_लोकल

वर्गणी काढतोय.

वनराई

हाच तर प्रश्न आहे! पकडून इकडून तिकडे सोडणं म्हणजे आपल्या गळतीखाली दुसऱ्याचं भांडं ठेवणं. नसबंदी करा, हिमाचलमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे.

देवगडचो_हापूस

हिमाचलात तरी थांबली काय ती?

तुळईखालचा

शनिवारी मारुतीला तेल आणि रविवारी त्याच्याच पिल्लावळीला फटाके. धन्य आहे. मी एक सांगतो, छपरावर काटेरी बोरीची झिळं, म्हणजे फांद्या, टाका. आमच्या आजोबांचा उपाय.

सुतारपक्षी

आजोबांच्या वेळी ती झिळं मेअखेर काढणारा गडीही होता. आता ती तशीच राहतात, पाचोळा अडकतो, शेवाळ धरतं, आणि झिळं काढायला वर चढणारा माणूस हवा. म्हणजे परत मूळ प्रश्न.

पाखाडीकर

देवा! मूळ प्रश्न! मला वाटलं मी माकडांवर धागा काढला होता.

पत्रा_फॅब्रिकेशन

नमस्कार मंडळी. आता शिव्या खायला मीच आलो. रत्नागिरी जिल्ह्यात पत्र्याची कामं करतो. आधी वडिलांबरोबर कौलांचं करायचो.

माणसं कुठे गेली विचारता ना? माझ्याकडे आली. लोखंडी पाइपचा सांगाडा, वर रंगीत पत्रा. वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल घेतलं की पोरगा दोन महिन्यांत हाताखाली तयार होतो. कौलाचं काम शिकायला पाच-सहा मे महिने जातात, कारण वर्षातून एकदाच मिळतं. माझं काम बारा महिने. पावसातही पडवीची शेड, स्लॅबवरची शेड चालू. स्लॅबच्या घरांवरही पत्रा घालायची वेळ येते, कारण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, त्याबद्दल न बोललेलं बरं.

खरी पलटी निसर्ग वादळानं मारली. 3 जून 2020. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन पट्ट्यात छपरंच्या छपरं गेली, आणि पाऊस दाराशी. तेव्हा कौल मिळेना, मिळालं तर लावायला माणूस मिळेना. लोकांनी हाताला लागेल तो पत्रा ठोकला. पुढच्या मेमध्ये तौक्ते. ज्यांनी एकदा पत्रा घातला ते परत कौलावर आले नाहीत. माकडांचाही प्रश्न मिटला म्हणतात.

सुतारपक्षी

मिटला कसला. पत्र्यावर माकडं नाचतात तेव्हा घरात बसवत नाही. आणि मेमध्ये दुपारी पत्र्याखाली बसून दाखवा. शिवाय तुमच्या स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हानं तडकले की प्रत्येक भोक गळतं. कौल एक फुटलं तर एक बदलता येतं.

पत्रा_फॅब्रिकेशन

वायसर तडकतात, मान्य. स्वस्तातला मागता म्हणून तडकतात. चांगल्याचा भाव सांगितला की 'शेजाऱ्याला तर कमीत केलंस' असं ऐकायला मिळतं. आणि बदलायला बोलावलं तर मी येतो. फोनही उचलतो.

सहा_वीसची_लोकल

हे बघा! फोन उचलतो! मला एवढंच हवं होतं.

निवृत्त_नाना

पाखाडीकर, एक विचारतो, राग मानू नका. तुमचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे ना बाजारपेठेत? मग कौलांची ही तळमळ रिपा आणि खिळे खपावेत म्हणून तर नाही?

पाखाडीकर

आहे ना. लपवलंय कुठे? आता हिशेबच मांडतो. कौलारू घरवाला माझ्याकडून वर्षाला किलोभर खिळे आणि चार रिपा नेतो. पत्रावाला पाइप, स्क्रू, प्रायमर, रंग, कटिंगच्या चकत्या आणि दर दोन-तीन वर्षांनी तेच परत. धंदा बघितला असता तर मी कौलांना शिव्या घातल्या असत्या. नाना, तुमच्या नावावर पाचएक वर्षांची उधारी आहे. ती मी इथे काढत नाही हे लक्षात असू द्या.

निवृत्त_नाना

काढलीत की.

आकडेमोड

मूळ मुद्द्यावर येतो. पत्रावाल्यांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. बारा महिने काम आणि रास्त दर दिला की माणूस शिकतो, फोन उचलतो. कौलाच्या कामाला ते जमत नसेल तर ते काम मरणार, त्यात रडण्यासारखं काय? मंगलोरी कौल तरी मूळचं कुठे आपलं आहे. मंगळूरला 1865 मध्ये बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पहिला कारखाना काढला, त्याआधी इकडे नळे, म्हणजे कुंभाराच्या हातची अर्धगोल कौलं, होते. नळे दर वर्षी परतावे लागत, कुंभार होते, परतणारे होते. मंगलोरी आलं आणि ते सगळे गेले. तेव्हाही कोणीतरी ओटीवर बसून हेच म्हणाला असेल.

पाखाडीकर

त्यांच्या जागी नवी माणसं उभी राहिली, कारण तेव्हा गावात माणसं होती. आता कौलारू घर उभं आहे, त्यात म्हातारी एकटी राहते आणि पत्रा घालायला लागणारे तीन-चार लाख तिच्याकडे नाहीत. तिला हवीत फक्त पंधरा-वीस कौलं बदलून. एवढ्यासाठी कोणी येत नाही. काम छोटं, भाडं मोठं. 'काम मरू दे' हे तिच्या घरात उभं राहून म्हणा, तेही जुलैमध्ये.

आकडेमोड

भावनिक मुद्दा आहे, पण ठीक. छोट्या दुरुस्तीला माणूस मिळत नाही एवढं मान्य.

माहेरवाशीण

केवढे उपकार.

तुळईखालचा

आमच्या घराचं सांगतो. सामाईक घर, पाच भावांचं, आता त्यांची मुलं धरून घरपट्टीवर नावंच एवढी आहेत की ओळ पुरत नाही. मिस्त्री तयार आहे, कौलं तयार आहेत, मी पैसे भरायला तयार आहे. ठाण्याचा चुलतभाऊ म्हणतो, 'तू खर्च केलास तर उद्या घरावर हक्क सांगशील.' बडोद्याची आत्या म्हणते, 'बाबांच्या खोलीवरचं आधी करा.' हे मिटेस्तोवर 25 मे उजाडतो. मग फोन आणि मग 'माणूस मिळत नाही'. बोला आता.

सहा_वीसची_लोकल

हे मात्र अगदी घरचं लिहिलंत. आमच्याकडे आत्या सुरतेची, बाकी तेच.

बरं पाखाडीकर, मी तुमचं सगळं मान्य करतो असं नाही, पण उपाय सांगा. नुसतं दिवाळीत फोन करा म्हणजे काय? दिवाळीत चाळलेलं माकडं मेपर्यंत ठेवत नाहीत हे तर हापूसरावांनी सिद्धच केलं.

पाखाडीकर

उपाय साधा आहे. एका घरानं एका माणसाला दोन दिवस बोलावू नका. वाडीतली वीस-पंचवीस घरं मिळून दोन माणसं ठरवा. जानेवारी ते मे, एकामागून एक घर. वाशांचं, रिपांचं, वाळवीचं काम जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा अवकाळीची भीतीही कमी. नुसती शेवटची फिरकी मेमध्ये, तेव्हा माकडांनी फोडलेलं बदलायचं. आंब्याच्या भरात सुट्टी. हजेरी गवंड्याच्या बरोबरीनं, अपघाताचा विमा वर्गणीतून, कमरेला दोरी सक्तीची. असे चार महिने भरले तर ते नव्वद दिवसही भरतील, दाखला ग्रामसेवकाकडून मिळेल. हाताखाली एक पोरगा घ्यायची अट घाला. कागदावर लिहा, ॲडव्हान्स महिन्यामहिन्याला. झालं.

पत्रा_फॅब्रिकेशन

असं कोणी ठरवलंत तर माझ्या वडिलांना विचारतो. चढणार नाहीत, पण खाली उभं राहून दाखवतील. हल्ली नुसते टीव्हीसमोर असतात.

माहेरवाशीण

दोरी आधी बांधा, घरं नंतर मोजा. बाकी चालेल.

सहा_वीसची_लोकल

वाचायला फार गोड आहे. पण वीस घरं एकामागून एक म्हणता, तर पहिलं घर कोणाचं? आमच्या वाडीत शिमग्याला पालखी आधी कोणाच्या खळ्यात नाचवायची यावरून देव दोन वर्षं सहाणेवरच, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावरच, थांबला होता. इथे तर छप्पर आहे.

तुळईखालचा

मानकऱ्यांचं पहिलं.

निवृत्त_नाना

मानकरी कोण ते ठरलंय का तुमच्याकडे? केस कोर्टात आहे ना?

पाखाडीकर

मग ताडपत्री घ्या. दुकान नऊला उघडतं. नाना, तुम्हाला रोखीनं.